दोन बोटं

दुपारी सव्वाचारच्या सुमाराला मी एका बाईंच्या उजव्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होते, आणि रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर कुणीतरी माझ्या वडिलांचं नाव घेतलं. आवाज अर्थातच आला नाही. दुकानाची काच जाड, मधे दोन्हीकडून वाहनं, आणि ज्या मुलीनं नाव घेतलं तिनं ते हातानं घेतलं होतं. दोन बोटं कानामागे नेली, तिथून पेन्सिल काढावी तशी पुढे ओढली आणि हवेत एक सरळ रेघ मारली. कानामागे पेन्सिल खोचणारे सुतार जगात पुष्कळ असतील, पण रेघेच्या शेवटी मनगटाला असा छोटासा झटका देणारा एकच होता, आणि त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. नाव घेऊन ती मुलगी पुढे काहीतरी सांगत होती आणि तिच्यासमोरची दुसरी खांबाला टेकून पोट धरून हसत होती. माझ्या हातातली काडी बहुधा जरा जास्तच दाबली गेली. "अहो, कान माझाच आहे," बाई म्हणाल्या. मी "एक मिनिट हं" म्हणत दार ढकलून बाहेर आले, तेवढ्यात बस मधे आली, थांबली, निघून गेली, आणि थांब्यावर कुणी उरलं नाही. परत आले तर बाई एका कानावर लटकलेला चष्मा घेऊन तशाच बसलेल्या. "ओळखीचं कुणी दिसलं का?" त्यांनी विचारलं. "वडील," मी म्हणाले, आणि मग त्यांचा उजवा कान डाव्यापेक्षा थोडा वर आहे, त्यामुळे फ्रेम तिरकी बसते, हे त्यांना पाच मिनिटं समजावत बसले.

बाबांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आईलाही नव्हतं, पण ती मी दीड वर्षाची असताना गेली, त्यामुळे तिचे हात मला आठवत नाहीत. मी, बाबा आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, असे तिघं राहायचो. आत्याला ऐकू यायचं, जरा जास्तच यायचं. हळू बोल, भिंतींनाही कान असतात, असं ती मला दटावायची. आमच्या घरात भिंतींनाच काय ते होते. दर रविवारी दुपारी बाबा मला मंडळात घेऊन जात. मंडळ म्हणजे सायकलींच्या गोदामावरचा एक लांबट हॉल, लाकडी जमिनीचा. वर्गणी भरणारे साठ-सत्तर जण, सगळे बहिरे, आणि त्यांची माझ्यासारखी ऐकू येणारी चार-दोन पोरं. लोकांना वाटतं बहिऱ्यांचा हॉल म्हणजे चिडीचूप. आमच्या हॉलमध्ये इतका गोंगाट असे की खालचा गोदामवाला काठीनं छत ठोकायचा आणि ते ठोकणं फक्त आम्हा पोरांना ऐकू यायचं. खुर्च्या फरफटत ओढल्या जायच्या, कुणाला हाक मारायची तर जमिनीवर दाणकन पाय आपटायचा, हसताना लोक मोकळ्या घशानं हसायचे, कारण आपलं हसणं कसं ऐकू येतं याची त्यांना काळजीच नव्हती. तसं हसणारी माणसं मला पुढे कुठे भेटली नाहीत.

त्या हॉलमध्ये कागदावरचं नाव चालत नसे. नाव मंडळानं द्यायचं असतं आणि हातानं घ्यायचं असतं, आणि एकदा दिलं की आवडो न आवडो, जन्माचं. शिंपीकाकांचं नाव होतं अंगठ्यात टोचलेली सुई, कारण मंडळात आले त्या पहिल्याच दिवशी त्यांचा अंगठा बांधलेला होता. पुढे पन्नास वर्षं त्यांनी एकदाही सुई टोचून घेतली नाही तरी नाव काही सुटलं नाही. बाबांचं पेन्सिल. बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक करवतीनं नेलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या काही खुणा अर्धवट उमटायच्या, आणि मंडळातले लोक त्यांना खुशाल "बोबडा" म्हणून चिडवायचे. माझं नाव मात्र बाबांनीच सुचवलं आणि मंडळानं हात वर करून मंजूर केलं. डाव्या हाताची मूठ, आणि मुठीत घट्ट धरलेली उजव्या हाताची दोन बोटं. कारण मी रस्त्यात बाबांची ती दोन बोटं कधी सोडत नसे. आम्ही जिना चढून वर आलो की ते आधी माझ्या डोक्यावरून सगळ्यांना सांगत: "आजही सोडली नाहीत. घरापासून इथपर्यंत!" बायका माझे गाल ओढत. केवढी माया आहे पोरीची बापावर, म्हणत. मी खाली बघे. लाजते, म्हणत.

लाज होतीच, पण ती नव्हे. त्याचं असं झालं होतं. मी सहा वर्षांची असेन. शाळेच्या कोपऱ्यावर माझ्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या, आणि बाबा मला सकाळी रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या एका लांबलचक छिलक्याची गोष्ट सांगत होते, दोन्ही हात पसरून, गाल फुगवून, रस्ताभर. त्या दोघी बघत राहिल्या आणि मग एकीनं दुसरीसमोर हात वेडेवाकडे नाचवले. आत्या घरातून निघताना नेहमी म्हणायची, "रस्त्यात हात नाचवू नका रे, लोक बघतात." मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की लोक खरंच बघतात. मी बाबांचा उजवा हात धरला. दोन बोटं मुठीत घेतली आणि आवळली. डाव्या हातात हत्यारांची पिशवी असायची, तो हात अडकलेलाच. बाबा गप्प झाले. इतकं सोपं होतं ते. तोंडावर हात ठेवायला मुलाला उंची लागते. माझ्या बापाचं तोंड माझ्या खांद्याच्या उंचीला होतं. त्या दिवसापासून घरच्या दारात मी ती दोन बोटं धरायची आणि मंडळाच्या जिन्यावर सोडायची, आणि ते मधलं अर्धवट बोट माझ्या तळहातात अधूनमधून हलायचं, काहीतरी सांगायला निघाल्यासारखं, की मी आणखी आवळायची. आणि हे सगळं ते मंडळात कौतुकानं सांगत. मी बाराव्या वर्षी मंडळात जायचं बंद केलं. अभ्यास आहे म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि एकटेच जाऊ लागले, पिशवी खांद्याला अडकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून, वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर म्हणून.

घरात आम्ही बोलायचो, नाही असं नाही. जेवलीस का, किल्ली कुठे, गोळी घेतली का, पंखा बंद कर. पुढे माझं लग्न झालं, मी जवळच राहायला गेले, रोज संध्याकाळी चक्कर मारायचे, आणि तेच बोलायचे: जेवलात का, गोळी घेतली का. मोठ्या माणसांचे शब्द मी शिकलेच नाही. पश्चात्ताप, अभिमान, संशय, असल्या खुणा मंडळात शिकतात, चहा थंड होईपर्यंत भांडता भांडता. माझ्या हातांचं वय बाराव्या वर्षीच थांबलं. बाबा गेल्यावर मंडळानं त्यांच्यासाठी सभा ठेवली. नवरा, सासू-सासरे, दुकानाचे मालक, सगळे आले होते, पहिल्या रांगेत ताठ बसून. मला व्यासपीठावर बोलावलं. समोर ते साठ चेहरे, माझ्या हातांकडे लागलेले, ज्यांनी मला हात कसे धरायचे ते शिकवलं होतं. आणि मी दोन्ही हात एकमेकांत गुंतवून तोंडानं बोलले. "बाबा फार प्रेमळ होते," वगैरे. चांगली सात-आठ वाक्यं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका दुभाषी बाईनं माझं बोलणं खुणांनी सांगितलं. सगळ्यांच्या माना माझ्यावरून तिच्याकडे वळल्या, अगदी सावकाश, आणि मी बोलत होते तोवर कुणी परत माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर मी तो जिना चढले नाही.

मग ही बसथांब्यावरची मुलगी. तीन दिवस मी काड्या वाकवत होते, इवले स्क्रू पिळत होते, आणि डोळ्यांसमोर तो मनगटाचा झटका. नाव माझ्या बापाचं, आणि हसू कसलं? माझ्या मनात पाल चुकचुकत होती. त्याहून खाली, फार खाली, एक जुनाच प्रश्न होता, जो मी कधी कुणाला विचारू शकले नव्हते, कारण तो विचारण्याइतकी भाषा ज्यांच्याजवळ होती त्यांच्यापासून मीच पळाले होते: बाबांना कळलं होतं का? मी ती बोटं का धरत होते ते? की ते बिचारे शेवटपर्यंत त्या मुठीला माया समजत राहिले? मला दोन्ही उत्तरांची सारखीच भीती वाटत होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं मग जाऊन ये की रविवारी. कुणी खातंय का तुला?" त्याचं सगळं सोपं असतं. त्याला चहा आणि आभार अशा दोनच खुणा येतात आणि तेवढ्यावर तो बाबांचा लाडका जावई होता.

रविवारी गेले. गोदामात आता सायकली नाहीत, पुठ्ठ्याची खोकी आहेत. जिन्याला रंग दिलाय. वर हॉल तोच, माणसं निम्मी, खुर्च्या गोल मांडलेल्या, कारण रांगेत बसलं की पुढच्याची पाठ बोलत नाही. मी दारात उभी राहिले तर जवळच्या एका म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुठीत दोन बोटं धरून दाखवली. माझं नाव. अकरा वर्षांत कुणी मला त्या नावानं हाक मारली नव्हती. मारणार कोण? मी उत्तरादाखल हात उचलले, पण म्हातारीला तेवढी सवड नव्हती. "केवढी जाड झालीस! केस पण गेले. नवरा आहे ना अजून?" तिनं विचारलं. बहिऱ्यांमध्ये आडपडदा नसतो; जे दिसतं ते बोलायचं असतं, आणि त्यांना सगळंच दिसतं. मी म्हटलं, आहे. "मग बरं," ती म्हणाली आणि मला बिस्किट दिलं. शिंपीकाका खिडकीजवळ बसले होते, पंच्याऐंशीचे तरी असतील, हातांची बोटं सांध्यांत वळलेली. त्यांनी मला बघितलं, हसले नाहीत, शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. मी बसले. त्यांच्या हातांना शब्द पुरे करायला वेळ लागत होता. "उशीर केलास," एवढंच ते म्हणाले, आणि मला ते आजच्या वेळेबद्दल वाटलं म्हणून मी घड्याळ दाखवलं. त्यांनी मान हलवून तो विषय सोडून दिला.

दिवे दोनदा लुकलुकले. म्हणजे सगळ्यांनी इकडे बघा. मधोमध ती बसथांब्यावरची मुलगी येऊन उभी राहिली. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करते, काकांनी सांगितलं, सगळे तिला कवळी म्हणतात. महिन्यातून एकदा गोष्टींचा रविवार असतो, आणि आज तिची पाळी. तिनं बाही वर केली, आणि गोष्ट सुरू करण्याआधी उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक आत दुमडून घेतलं. पेन्सिल. रेघ. झटका. सगळा हॉल आधीच हसायला लागला. बाबा गेले तेव्हा ही पोर बारा-तेरा वर्षांची असेल. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, मी काकांना विचारलं तेव्हा कळलं. पण ती त्यांच्यासारखी चालली, डावा खांदा पिशवीच्या वजनानं खाली, उजवा हात खाली ओढलेला, त्याची दोन बोटं कुणाच्या तरी मुठीत. आणि मग ती एका पावलात, नुसती मान वळवून, त्या मुठीची मालकीण झाली: ओठ आवळलेले, डोळे इकडून तिकडे, कोण बघतंय, कोण बघतंय. मी माझी सहा वर्षांची मान पाहिली.

गोष्ट साधी होती. पेन्सिल रस्त्यानं चाललाय, पलीकडच्या बाजूला अंगठ्यात-सुई उभा. सुई विचारतो, "संध्याकाळी पत्ते खेळायला येतोस ना?" पेन्सिलीला उत्तर द्यायचंय, पण एका हातात पिशवी आणि दुसरा पोरीनं धरलेला. म्हणून तो भुवयांनी हो म्हणतो. सुईला वाटतं त्याला धक्का बसलाय. तो खांदा उडवतो. सुईला वाटतं, भांडण झालंय. तो गाल फुगवतो. सुईला वाटतं, दाढ दुखतेय. तो पायानं धुळीत पत्त्यातला बदाम काढून दाखवतो. सुईला वाटतं, पायात काटा गेलाय. कवळी एकदा इकडची होई, एकदा तिकडची, आणि लोक खुर्च्यांवर हात आपटत होते, म्हातारी डोळे पुसत होती, आणि मीसुद्धा हसत होते, चक्क मोकळ्या घशानं. शेवटी सुई रागानं रस्ता ओलांडून येतो. "हात धड आहेत ना तुझे? ओढून घे की, आणि बोल!" आणि इथे कवळी थांबली. तिनं, म्हणजे बाबांनी, पिशवी हळूच जमिनीवर ठेवली. पोरीकडे एकदा बघितलं. पोर दुसरीकडेच बघत होती. मग डाव्या हातानं, पोटाशी, अगदी लहान लहान, पोरीला दिसू नये असं, ते म्हणाले: "तिला माझी लाज वाटते. लोक बघतात ना. वाटू दे. हात काय, आत्ता ओढला तर सुटेल. पण मग ती परत धरायची नाही."

सगळ्यांचे हात वर झाले, हवेत थरथरले. टाळ्या अशाच वाजवतात इथे. मी काकांचा दंड धरला होता. काकांना बोलायला तो हात लागत होता, त्यांनी तो सोडवून घेतला. "त्यानंच बसवलीय ही गोष्ट," ते म्हणाले. "तू यायची बंद झालीस, त्यानंतरच्या वर्षी. दरवर्षी सांगायचा. तो गेल्यावर मी सांगत होतो. आता माझी बोटं चालत नाहीत, म्हणून हिला दिली." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी दाणकन पाय आपटला, सगळ्यांना वळवलं, आणि माझ्याकडे बोट करून मूठ दाखवली. चाळीस चेहरे. कवळीचा आ वासलेला. मला उठावंच लागलं. मधोमध जाऊन उभी राहिले तेव्हा माझे हात आपसूक एकमेकांकडे निघाले होते, गुंतायला, त्यांना मी अक्षरशः वेगळं केलं. मग मी बोलले. स्वयंपाकघरातल्या खुणांनी, अडखळत, जे चाळीस-पंचेचाळीस वर्षं आत घेऊन हिंडत होते ते. "ती मुलगी मी. हात मी धरायचे. प्रेमानं नाही. लोक बघत होते म्हणून. बाबांनी गप्प बसावं म्हणून." मघाची बिस्किटवाली म्हातारी पुढे वाकून बघत होती, आणि मी थांबले तशी ती म्हणाली, "ते माहितेय आम्हाला. आत्ताच पाहिलं. पुढचं सांग."

पुढचं. मी इतकी वर्षं ज्याला माझं पाप समजत होते तो यांच्या गोष्टीचा शेवटचा विनोद होता, आणि तोही जुना झालेला. त्यांना पुढचं हवं होतं, आणि माझ्याकडे पुढचं नव्हतं. मी हात वर नेले आणि ते तसेच राहिले. मला वाटलं, सांगावं की मधलं बोट हलायचं ते अजून तळहातात जाणवतं. की त्या छिलक्याचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं, मी त्यांना पुढे कधी विचारलंच नाही. की संध्याकाळी सात वाजले की अजूनही माझे हात, जेवलात का, अशी खूण करायला उठतात आणि समोर कुणी नसतं. यातल्या एकालाही पुरेल एवढी भाषा मला येत नव्हती. मी म्हटलं, "मला त्यांच्याशी बोलायचंय." एवढंच. बाळबोध वाक्य, मूल सांगतं तसं. म्हातारी म्हणाली, "तुझं बोलणं अगदी बारा वर्षांच्या पोरीसारखं आहे. येत जा." कवळीनं मला मिठी मारली आणि लगेच बाजूला होऊन विचारलं की बाबा चालताना खरंच डावीकडे झुकायचे का, की काका उगीच सांगतात. मी म्हटलं, झुकायचे. पण मान सरळ ठेवायचे. तिनं तिथल्या तिथे करून बघितलं. मी तिची मान दोन बोटांनी जरा वर केली, दुकानात फ्रेम सरळ करते तशी. आता बरोबर होतं.

निरोप घ्यायला तास लागला, तो लागतोच, दारात, जिन्यात, जिन्याखाली, प्रत्येक ठिकाणी नव्यानं. शिंपीकाकांना पलीकडे बस पकडायची होती. ऊन अजून होतं, रस्ता भरलेला. ओलांडताना मी सवयीनं त्यांचा हात धरला, आणि अर्ध्यात, दुभाजकापर्यंतही पोचलो नव्हतो, मला जाणवलं की त्यांची वळलेली बोटं माझ्या मुठीत हलतायत. मी थांबले. दोन्हीकडून भोंगे सुरू झाले. एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून आमचा उद्धार केला, तो फक्त मला ऐकू येत होता, आणि सिग्नलला उभे असलेले यच्चयावत लोक आमच्याकडे बघत होते. मी हात सोडला. "बोला," मी म्हटलं. काकांनी सावकाश दोन बोटं कानामागे नेली, पेन्सिल काढली, रेघ मारली. "आज हवा होता," ते म्हणाले. मी हो म्हटलं. ते अजून काही बोलतील म्हणून मी बघत राहिले, तिथेच, रस्त्याच्या मधोमध, आणि माझे दोन्ही हात मोकळे होते.